चिलखत शून्य, तोफ एक : वॉर थंडरसाठी आपली गाडी कशी कल्पायची?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये रेंज जाते, किंवा वर्गात शेवटच्या बाकावर बसून वाचायचं असतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय बरंचसं. मधले "अं" आणि "म्हणजे ना" तेवढे काढलेत.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. टँकच्या गेम्सवरचा एपिसोड झाल्यापासून तुमची एकच फर्माईश चाललीय : ताई, गेममध्ये आपली एखादी नवी गाडी आली तर कशी असेल? आणि खाली तुमच्या कल्पना. एकाला अर्जुन रणगाड्यावर दोन तोफा हव्यात. एकीला टी-९० वर लेझर हवाय. आणि एका पठ्ठ्यानं लिहिलंय, "अशी गाडी पाहिजे की जिला कोणी मारूच शकणार नाही."

वाचून मजा आली. पण खरं सांगू? ती न मरणारी गाडी तुम्ही दोन दिवस खेळाल आणि तिसऱ्या दिवशी तुम्हालाच कंटाळा येईल. समोरचे तर पहिल्याच दिवशी गेम बंद करतील. म्हणून आज आपण उलटं करूया. एक गाडी शून्यापासून कल्पूया, आणि ती अशी की जिला कोणीही मारू शकेल. साधी उघडी जीप. चिलखत शून्य. वर एक तोफ. आणि तरीही समोरचा पॅटन रणगाडा तिला घाबरेल. हे कसं जमतं, ते आजच्या एपिसोडमध्ये.

आधी गेमचे नियम

गेम घेतेय वॉर थंडर. गायजिन या कंपनीचा. २०१२ मध्ये तो विमानांपासून सुरू झाला, नंतर त्यात रणगाडे आले, जहाजं आली. पीसीवर आहे, कन्सोलवर आहे आणि फोनवर खेळणाऱ्यांसाठी वॉर थंडर मोबाइल आहे.

हाच का? कारण यातल्या रणगाड्यांना डोक्यावर हेल्थची पट्टी नसते. बऱ्याच गेम्समध्ये कसं असतं, गाडीला हजार पॉइंट, तुमच्या गोळ्यानं तीनशे गेले, अजून तीन मारा की संपली. इथं तसं नाही. गोळा चिलखताच्या आरपार गेला का, हे आधी बघितलं जातं. गेला तर आत त्याचे तुकडे कुठं उडाले, ड्रायव्हरला लागले का, गनरला लागले का, दारूगोळ्याला लागले का, इंजिनला लागले का, असा हिशोब होतो. एका गोळ्यात मोठा रणगाडा उडतो आणि कधी दहा गोळे खाऊनही नुसता ओरखडा येतो.

अशा गेममध्ये नवी गाडी सुचवायची तर "हिची पॉवर इतकी" असं लिहून भागत नाही. पत्रा किती मिलिमीटर, किती तिरका, माणसं कुठं बसतात, गोळे कुठं ठेवतात, हे सगळं सांगावं लागतं. म्हणजे गाडी खरोखर कशी चालते ते समजून घ्यावं लागतं. मला तर यातच खरी मजा वाटते.

रणगाडा बनवणाऱ्यांचं एक जुनं त्रांगडं आहे. तीन गोष्टी हव्या असतात : मारा, संरक्षण आणि वेग. मोठी तोफ लावली की वजन वाढतं. जाड चिलखत लावलं की आणखी वाढतं. मग इंजिन मोठं लागतं, इंजिन मोठं म्हणजे पेटी मोठी, पेटी मोठी म्हणजे तिला झाकायला आणखी चिलखत. एक ओढलं की दुसरं सुटतं. त्यामुळे कोणतीही खरी गाडी म्हणजे एक सौदा असतो. काय मिळवलं हे सगळे सांगतात. पण गाडी खेळायला कशी वाटेल हे ठरतं काय सोडलं त्यावरून.

आपली जीप काय सोडते? संरक्षण. अख्खंच्या अख्खं.

ही जीप आली कुठून?

मी ही हवेतून काढलेली नाही. सप्टेंबर १९६५. पंजाबमध्ये खेमकरण भागात असल उत्तर नावाचं गाव आहे. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत तिथं रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन रणगाडे घेऊन आली होती. समोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन आणि दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. आपल्याकडं सेंच्युरियन होते, दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीचे शर्मन होते आणि हलके एएमएक्स-१३ होते. शर्मन चालवणारी रेजिमेंट होती डेक्कन हॉर्स. नावावरून कळलंच असेल, मूळ दख्खनचं.

आजूबाजूला उसाची आणि इतर पिकांची शेतं. त्यात आपल्या बाजूनं पाणी सोडलं होतं. पॅटनची वाट चिखलात अडली. आणि पिकाच्या आडोशाला, रणगाड्यांच्या जोडीला, काही जीप उभ्या होत्या. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन. लष्करात तिला आरसीएल म्हणतात.

अशाच एका जीपवर होते चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. वय ३२. चिमा गावाजवळ १० सप्टेंबरला त्यांनी जीप बाजूला, बगलेवर नेली. पुढचा रणगाडा उडवला. लगेच जागा बदलली. दुसरा पेटवला. तोपर्यंत ते दिसले होते. मशीनगन आणि तोफा त्यांच्या जीपवर वळल्या. तरी त्यांनी आणखी एका रणगाड्यावर मारा चालू ठेवला, आणि त्याच वेळी गोळ्यानं ते प्राणघातक जखमी झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

शाळेत आपण हे "शूर सैनिक" म्हणून वाचतो आणि पुढं जातो. पण गेमरच्या नजरेनं परत बघा. बगलेवर जा. मार. जागा बदल. मार. जागा बदल. ही या गाडीची पूर्ण खेळायची पद्धत आहे. आणि शेवटी काय झालं, तेही या गाडीच्या सौद्यातच लिहिलेलं आहे : एकदा दिसलात की वाचवायला काही नाही.

एवढी मोठी तोफ जीपवर राहते कशी?

आता जरा फिजिक्स. घाबरू नका, अकरावीचंच आहे.

या तोफेचा गोळा साधारण ८ किलोचा आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. वस्तुमान गुणिले वेग, ८ गुणिले ५००, म्हणजे ४०००. न्यूटनचा तिसरा नियम : गोळा पुढं जितका संवेग घेऊन गेला, तितकाच मागं मिळणार. माणसं आणि सामान धरून जीप दीड टनाची धरा. ४००० भागिले १५००, म्हणजे सेकंदाला २.७ मीटर. उभी जीप एका क्षणात ताशी १० किलोमीटरच्या आसपास वेगानं मागं ढकलली जाईल. ऐकायला कमी वाटतं, पण हा धक्का क्षणाच्या छोट्याशा तुकड्यात बसतो. तोफेचा बोल्टच उखडेल, गनर खाली पडेल.

म्हणून साधी तोफ जीपवर बसत नाही. रणगाड्याचं वजन हे एका अर्थानं तोफेचा धक्का पचवण्यासाठीही असतं.

रिकॉइललेस गननं काय केलं? तिनं मागचं दारच उघडं ठेवलं. नळीच्या मागच्या टोकाला भोकं असतात. बार उडाला की गोळा पुढं जातो आणि दारूचा जळता वायू मागं सुसाट बाहेर पडतो. पुढचा धक्का आणि मागचा धक्का जवळजवळ फिटून जातो. तोफेला अवजड सांगाडा लागत नाही. १०६ ची अख्खी तोफ सुमारे २१० किलोची. म्हणजे तीन माणसांच्या वजनाएवढी! ती जीपवर आरामात बसते.

गंमत सांगते. या तोफेची नळी खरं तर १०५ मिलिमीटरचीच आहे. आधीची एक १०५ ची रिकॉइललेस होती, तिचे गोळे हिच्यात घालायचा घोटाळा होऊ नये म्हणून हिला १०६ म्हणायचं ठरलं. क्विझमध्ये विचारा कोणाला तरी.

आता फुकट काही मिळत नाही. दारूची बरीचशी ताकद मागं वाया जाते, म्हणून गोळा हळू जातो. पॅटनच्या ९० मिलिमीटर तोफेचा चिलखतभेदी गोळा याच्या जवळपास दुप्पट वेगाचा. आणि मागं जी आग आणि धूळ उडते ती वेगळीच. मागं कोणी उभं असेल तर जीव जाईल. आणि वाळलेल्या शेतात तो धुळीचा लोट लांबून दिसतो. एक गोळा मारलात की तुम्ही कुठं आहात हे सगळ्यांना कळलं.

मग हळू गोळा पॅटनला फोडतो कसा?

इथं दुसरी युक्ती. पॅटनच्या टरेटखालच्या पुढच्या भागाचं चिलखत साधारण ११० मिलिमीटर, पण ते ६० अंशांत तिरकं. तिरक्या पत्र्यातून सरळ जायचं तर जास्त लोखंड कापावं लागतं. तुम्ही काकडी सरळ कापली आणि तिरकी कापली तर तिरकी फोड लांब येते ना, तसंच. ६० अंशांना हा हिशोब बरोबर दुप्पट होतो. म्हणजे गोळ्याला २२० मिलिमीटर लोखंड लागतं.

शर्मनच्या तोफेसारखा वेगावर चालणारा गोळा इथं अडतो. पण १०६ चा गोळा वेगावर चालत नाही. त्याच्या पोटात स्फोटकं असतात आणि त्यांच्या पुढच्या तोंडाला तांब्यासारख्या धातूचा एक पोकळ शंकू बसवलेला असतो. गोळा आपटला की स्फोटकं फुटतात, शंकू उलटा दाबला जातो आणि धातूची एक बारीक, प्रचंड वेगवान धार पुढं सुटते. ती चिलखतात भोक पाडत जाते. गेममध्ये याला हीट शेल म्हणतात. नावावरून वाटतं की उष्णतेनं वितळवतो, पण तसं नाही, काम करतो तो दाब.

ही धार तयार होते गोळ्याच्या पोटातल्या स्फोटातून. त्यामुळे गोळा शंभर मीटरवर आपटला काय किंवा हजार मीटरवर, भेद तेवढाच. १०६ चा भेद सुमारे ४०० मिलिमीटर. २२० ला पुरून उरतो.

बघा आता जोडी कशी जमली. तोफ हळू आहे, तर तिला वेग न लागणारा गोळा दिला. एकाची उणीव दुसऱ्यानं भरली. नवी गाडी कल्पताना हेच शोधायचं असतं.

चला, गाडीचा कागद भरूया

आता आपली गाडी. वॉर थंडरमध्ये ही तोफ आधीपासून आहे. अमेरिकेच्या एम-५० ओंटॉसवर अशा सहा आहेत, जपानच्या टाइप-६० वर दोन. पण त्या दोन्ही पट्ट्यावर चालणाऱ्या चिलखती गाड्या आहेत. आपली चाकावर चालणारी, उघडी आणि एकाच तोफेची. म्हणजे तोफ ओळखीची, पण खेळ पूर्ण वेगळा. ठेवायची कुठं? भारताच्या मिग-२१ बायसनला गेमनं ब्रिटनच्या झाडात जागा दिलीय, तर हीही तिथंच.

माणसं : चार. ड्रायव्हर, गनर, लोडर आणि कमांडर. सगळे उघड्यावर. कोणालाही मशीनगनची गोळी लागू शकते. दोघं गेले की गाडी गेली.

गोळे : सहा. का सहाच? एक गोळा केसिंगसकट सतरा-एक किलोचा. सहा म्हणजे शंभर किलो. तोफ २१० किलो. वर चार माणसं. जीपला लष्करात "पाव टनाची गाडी" म्हणतात, म्हणजे तिनं निवांत वाहायचं वजन अडीचशे किलो. आपण तिच्यावर आधीच दुपटीहून जास्त लादलंय. तुम्ही "वीस गोळे द्या" म्हणाल, तर मग ड्रायव्हरनं चालत यायचं का?

इंजिन : ६० हॉर्सपॉवर. पॅटनचं ८०० च्या वर. पण जीप दीड टनाची आणि पॅटन ४५ टनांच्या आसपास. टनामागं बघितलं तर जीपला ४० आणि पॅटनला १८. म्हणून रस्त्यावर ती पळते. पण चिखलात? रणगाड्याचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरतं, जीपचं चार छोट्या चाकांवर येतं. म्हणून ओल्या शेतात जीपचा वेग एकदम पाडायचा. रस्ता आणि बांध हेच तिचे मित्र.

नेम : माझा सगळ्यात आवडता भाग. या तोफेच्या वर एक छोटी रायफल असते, १२.७ मिलिमीटरची. तिच्या गोळीचा मार्ग मोठ्या गोळ्याच्या मार्गाशी जुळवलेला असतो. गनर आधी छोटी गोळी मारतो. ती रणगाड्यावर आपटून चमकली, की लगेच मोठा बार. दोन्ही एकाच नॉबवर : ओढला की छोटी गोळी, दाबला की मोठा गोळा. गेममध्ये हे दोन बटणांवर द्या. अंतर मोजायचं यंत्र मिळणार नाही, छोट्या गोळीवरूनच अंदाज घ्यायचा. आणि हो, ती चमक समोरच्यालाही दिसते.

नेम लांबून अवघड का, तेही ऐका. हजार मीटरवर गोळ्याला पोचायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. पॅटन ताशी ३० किलोमीटरनं चाललाय, तर दोन सेकंदांत १७ मीटर पुढं गेला. रणगाड्याची स्वतःची लांबी सातेक मीटर. म्हणजे तुम्ही दोन रणगाड्यांएवढं पुढं नेम धरायचा. मारून दाखवा!

परत गोळा भरायचा वेळ : दहा ते बारा सेकंद, आणि तोही गाडी उभी असताना. पळत्या जीपवर लोडरला सतरा किलोचा गोळा उचलून भरता येईल असं दाखवलं तर ते सिनेमासारखं होईल.

मागचा झोत : ही माझी खास मागणी. बार उडाला की मागं धुळीचा ढग चार-पाच सेकंद राहिला पाहिजे, आणि मागं आपल्याच टीमची उघडी गाडी असेल तर तिलाही मार बसला पाहिजे. यामुळं खेळाडू भिंतीला पाठ लावून बसणार नाही, मागं मोकळी जागा बघेल. खऱ्या गनरलाही हेच बघावं लागतं.

समोरच्याला काय मिळालं?

गाडी सुचवणारे बहुतेक जण हा प्रश्न विसरतात. तुम्ही पॅटनमध्ये बसलात आणि समोर ही जीप आलीय, तर तुम्ही काय करणार? उत्तरच नसेल तर गाडी वाईट.

आपल्या जीपला उत्तरं भरपूर आहेत. मशीनगननं शेत झाडून काढा, तोफ वाया घालवू नका. धूळ उडाली की तिकडं बघा. छोटी गोळी टणकन लागली की लगेच हला, कारण पुढचा गोळा येतोय. झाडाच्या, कुंपणाच्या आड जा, कारण हीट गोळा फांदीला किंवा कुंपणाला आपटूनही तिथंच फुटतो. आणि चिखलाच्या बाजूनं या, जीप तिथं पळू शकत नाही.

दोन्हीकडं काहीतरी करण्यासारखं आहे, म्हणजे खेळ जमला. आता तिला ठेवा पॅटन आणि सेंच्युरियन जिथं एकमेकांना भेटतात त्या पातळीवर. त्याच्या वर नेली तर हीट गोळ्याला दाद न देणारं नवं चिलखत येतं आणि ती निरुपयोगी होते. खाली नेली तर महायुद्धातल्या बिचाऱ्या गाड्यांची कत्तल होते.

माहिती कुठून आणायची, कुठून नाही

हे जरा गंभीर आहे, नीट वाचा. वॉर थंडर एका वेगळ्याच कारणानं बातम्यांत आला होता. २०२१ मध्ये एका खेळाडूनं ब्रिटनच्या चॅलेंजर-२ रणगाड्याची कागदपत्रं टाकली, का तर गेममधलं मॉडेल चुकीचं आहे हे दाखवायला. मग फ्रान्सच्या लेक्लेर्कचं तसंच झालं, मग चीनच्या एका रणगाड्याच्या गोळ्याचं. कंपनीनं ती काढून टाकली. असला गोपनीय कागद ती पुरावा म्हणून घेतच नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी फौजेत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्यांना तर सांगायलाच नको. काकाला विचारून आजच्या रणगाड्याचं काहीतरी मिळवावं आणि मित्रांत भाव खावा असा मोह होतो. करू नका. आपल्याकडं १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स कायदा अजून लागू आहे, आणि गेममधल्या वादापायी काकाची नोकरी घालवायची हा सौदा फारच महाग.

म्हणूनच मी साठ वर्षांपूर्वीची जीप निवडली. तिच्याबद्दल सगळं उघड आहे. आणि बघायला जायचं तर लांब नको. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. तिथं सेंच्युरियन बघा, पॅटन बघा, आपला विजयंता बघा. मी पॅटनच्या शेजारी उभी राहिले तेव्हा टरेट डोक्याच्या बरंच वर होतं, तो तीन मीटरहून उंच आहे. तिथं उभं राहून डोळ्यांसमोर एक जीप आणा. बोनेट तुमच्या कमरेच्या जरा वर. समोर हे धूड. स्क्रीनवर हा फरक कधीच कळत नाही.

आणि नाव काय द्यायचं?

आता शेवटचा मुद्दा, आणि यावर तुमचं माझं भांडण होऊ शकतं. ही कल्पना मी दोन-तीन मित्रांना सांगितली तेव्हा सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच : "नाव अब्दुल हमीद जीप ठेव!"

माझं म्हणणं, नको.

का, ते सांगते. गेममध्ये ही जीप एका सामन्यात तीनदा मरेल. कोणी तिला मुद्दाम नदीत घालेल. कोणी चॅटमध्ये तिला शिव्या देईल. ते सगळं ठीक आहे, गेम आहे. पण ते एका माणसाच्या नावावर होऊ नये. तो माणूस एकदाच मेला. त्याला माहीत होतं की आपण दिसलोय, आणि परत स्पॉनचं बटण नाही. आपण आत्ताच चिलखत शून्य, माणसं उघड्यावर, असं मजेत लिहिलं ना? त्या दिवशी त्या ओळीचा अर्थ चार माणसांचा जीव हा होता. समोरच्या पॅटनमध्येही चार माणसंच होती, कोणाची तरी मुलं. आणि आज त्याच गेममध्ये लाहोरचा एखादा मुलगा तुमच्याच टीममध्ये येऊन तुमची बाजू सांभाळत असेल. त्याला "आम्ही तुम्हाला मारलं" असं लिहिलेलं स्किन दाखवून आपल्याला काय मिळणार?

म्हणून नाव साधं : जीप १०६ आरसीएल. रंग फौजी हिरवा. त्यावर कोणत्याही खऱ्या जीपचा नंबर नाही. "परमवीर" नावाचं मेडल तर मुळीच नाही, ते सहा किल्सवर मिळायची गोष्ट नाही. गाडीच्या माहितीच्या पानावर मात्र सरळ लिहा : असल उत्तर, १९६५, ही तोफ, ही माणसं, असं लढली. ज्याला वाचायचंय तो वाचेल. एखादा नक्की वाचेल, मग शोधेल, आणि धामूपूरचं नाव त्याला कळेल.

तुम्हाला पटत नसेल तर खाली सांगा. कोणी म्हणेल नाव दिलं तरच लोक लक्षात ठेवतात. त्यातही दम आहे, मी नाही म्हणत नाही. पण नुसतं "ताई चूक" लिहू नका, कारण लिहा.

तुमच्यासाठी होमवर्क

आता तुमची पाळी. पुढच्या एपिसोडसाठी तुमची गाडी पाठवा, पण पाच प्रश्नांची उत्तरं देऊन. एक, ही गाडी खरी होती का, किंवा कोणत्या खऱ्या गाडीवरून सुचली? दोन, तिला काय जमतं? तीन, त्यासाठी तिनं काय सोडलं? चार, समोरचा तिला कसं हरवेल? पाच, माहिती कुठून घेतली? तिसऱ्या आणि चौथ्याचं उत्तर रिकामं असेल तर गाडी परत पाठवणार, आधीच सांगते.

आणि अर्जुनवर दोन तोफा मागणाऱ्या मित्रा, तुझी गाडी मी विसरलेले नाही. फक्त मला एवढं सांग, दुसऱ्या तोफेचा लोडर बसणार कुठं? गोळे ठेवणार कुठं? कागदावर चित्र काढ आणि पाठव. जमलं तर पुढचा एपिसोड तुझ्याच गाडीवर करू.

चला, भेटूया. फोन चार्ज करा, अभ्यास करा, आणि खेळताना मागं मोकळी जागा आहे का ते बघा. टाटा!